फितीवरचे चित्रपट आणि त्यांचे आश्रयदाते

२०१६ सालच्या जुलै महिन्यात जपानमधील फुनाई इलेक्ट्रिक या कंपनीने, सुटे भाग मिळेनासे झाले आणि गिऱ्हाईकही उरले नाही अशी दोन्ही कारणे देऊन, व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरचे उत्पादन कायमचे थांबविले, तेव्हा देशोदेशींच्या वृत्तपत्रांनी त्या यंत्राचा मृत्युलेख एकदाचा छापून टाकला; कारण हे यंत्र बनविणारी ती जगातील अखेरची ज्ञात कंपनी होती, आणि ज्या व्हीएचएस पद्धतीचा जन्म १९७६ साली जपानमध्येच जेव्हीसी कंपनीच्या घरी झाला होता तिची चाळीस वर्षांची कारकीर्द त्या दिवशी दफ्तरदाखल झाली. परंतु बाजारातून उठलेली वस्तू माणसाच्या मनातूनही उठतेच असे नाही. नेमक्या त्याच काळात अमेरिकेत जुन्या बाजारांतून, दिवाळे निघालेल्या व्हिडिओ दुकानांच्या तळघरांतून आणि मयत इसमांच्या जिनसांच्या विक्रीतून त्या काळ्या प्लास्टिकच्या पेट्या धुंडाळीत हिंडणाऱ्या छांदिष्टांची संख्या वाढत चालली होती. इतकी की २०१३ या एकाच वर्षी त्यांच्यावर ‘रिवाइंड धिस!’ आणि ‘अ‍ॅडजस्ट युअर ट्रॅकिंग’ असे दोन अनुबोधपट निघाले.

जो चित्रपट आज बोटाच्या एका स्पर्शाने डोळ्यांपुढे उभा राहतो, त्याची धुरकट, थरथरती, मधूनच पांढऱ्या रेघांनी कापली जाणारी प्रत कपाटात कशासाठी साठवावी, असा प्रश्न कोणाही व्यवहारी गृहस्थाला पडेल. तो रास्त आहे, पण त्यामागचे गृहीतक खरे नाही. जाणता संग्राहक ज्यांच्या शोधात असतो ते चित्रपट बोटाच्या स्पर्शाने उभे राहत नाहीत. ते व्हिडिओवरच चित्रित झाले, व्हिडिओवरच विकले गेले, आणि डीव्हीडीचे युग आले तेव्हा त्यांना त्या नव्या वाहनात बसवून घेण्याची तसदी कोणी घेतली नाही. मूळ फीत हरवली, निर्माता परागंदा झाला, कंपनी बुडाली, आणि मागे उरली ती एखाद्या भाड्याच्या दुकानातील, शेकडो हातांतून गेलेली एकुलती एक प्रत. माझे म्हणणे एवढेच आहे की, अशी प्रत जपणे आणि खिशात दमडी नसताना चित्रपट काढू पाहणाऱ्या आजच्या माणसाला हात देणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत, आणि ज्याने पहिले टोक धरले पण दुसरे सोडले त्याचा संग्रह म्हणजे निव्वळ कोठार होय.

हे पटण्यासाठी ती फीत मुळात काय आहे हे पाहिले पाहिजे. अर्ध्या इंच रुंदीच्या पॉलिएस्टरच्या पट्टीवर एका चिकट द्रव्यात खलून चुंबकीय कणांचा थर दिलेला असतो. ही पट्टी यंत्रात सेकंदाला अडीच सेंटिमीटरहूनही कमी वेगाने सरकते. एवढ्या मंद गतीने चित्रासारखी अवजड गोष्ट तिच्यावर उतरविणे अशक्यच. म्हणून यंत्राच्या पोटात एक छोटा धातूचा ढोल किंचित तिरका बसविलेला असतो, तो आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला पंचवीस फेरे घेतो, आणि त्याच्या अंगावरील दोन ‘हेड’ फितीवर एकामागून एक तिरप्या रेघा ओढीत जातात. प्रत्येक रेघ म्हणजे अर्धे चित्र. पट्टी गोगलगायीच्या चालीने जाते खरी, परंतु हेड तिच्यावरून सेकंदाला जवळपास पाच मीटरच्या वेगाने धावते, ही त्यातली सारी करामत. त्या तिरप्या रेघांवरून हेड जरा इकडेतिकडे घसरले की पडद्यावर पांढरी पट्टी नाचू लागते. ती घालविण्यासाठी ‘ट्रॅकिंग’चे बटण पिळीत बसलेले वडीलधारे ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या करामतीचा अर्थशास्त्रीय परिणाम मोठा झाला. सेल्युलॉइडच्या फिल्मवर चित्रपट काढायचा तर कच्ची फिल्म विकत घ्यायची, ती रसायनशाळेत धुवून घ्यायची, तिच्या प्रती काढायच्या, त्या प्रतींसाठी वितरक गाठायचा, आणि त्याने थिएटरवाल्याची मनधरणी करायची. या प्रत्येक नाक्यावर जकात होती, आणि ती न भरणाऱ्याचा माल पुढे सरकत नसे. फितीला धुलाई नाही. जे टिपले ते त्याच क्षणी पाहता येते, नापसंत पडले तर पुसून त्यावरच पुन्हा टिपता येते, आणि दोन यंत्रे एकमेकांना जोडली की घरबसल्या प्रत निघते. चित्रपट काढण्याची सनद कोणाकडे मागण्याचे कारणच उरले नाही.

१९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत गल्लोगल्ली व्हिडिओ भाड्याने देणारी दुकाने निघाली तेव्हा त्यांच्या मांडण्या भरण्याइतका माल मोठ्या कंपन्यांकडून येत नव्हता, आणि जो येई त्याची एकेक कॅसेट सत्तर-ऐंशी डॉलरांच्या घरात जाई. दुकानदाराला हवे होते भडक चित्राचे वेष्टन आणि आत काहीतरी हलणारे. ही निकड ओळखून ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात १९८५ साली ‘ब्लड कल्ट’ नावाचा भयपट सुमारे सत्तावीस हजार डॉलरांत व्हिडिओवरच चित्रित झाला, आणि केवळ घरगुती कॅसेटच्या बाजारासाठी काढलेला पहिला चित्रपट अशी त्याची जाहिरात झाली. चित्रपट सामान्यच, परंतु त्याने एक वाट पाडली. त्या वाटेने जे आले त्यांत कसाई होते तसे कलावंतही होते, आणि कित्येकदा दोन्ही एकाच देहात नांदत होते.

शिकागोच्या चेस्टर नोव्हेल टर्नर या कृष्णवर्णीय गृहस्थाचे उदाहरण मला या सर्वांत बोलके वाटते. साधा घरगुती व्हिडिओ कॅमेरा आणि स्वतःच वाजविलेला स्वस्त कीबोर्ड एवढ्या सामग्रीवर त्यांनी १९८४ साली ‘ब्लॅक डेव्हिल डॉल फ्रॉम हेल’ आणि १९८७ साली ‘टेल्स फ्रॉम द क्वाडेड झोन’ असे दोन भयपट केले. आवाज घुमतो, दिवे कुठेतरी भलतीकडे पडतात, लाकडी बाहुल्याच्या हालचाली पाहून भीतीऐवजी हसू येते. आणि तरीही त्यांत एका विशिष्ट मोहल्ल्यातील घरे, बोली, श्रद्धा आणि भये अशी उमटली आहेत की हॉलीवूडच्या त्या काळच्या एकाही चित्रपटात ती सापडू नयेत. दुसरा चित्रपट टर्नर यांनी स्वतःच विकला. प्रती इतक्या थोड्या निघाल्या की २०११ मध्ये त्यातली एक लिलावात आली तेव्हा तिला सहाशे डॉलरांहून अधिक किंमत आली. गंमत अशी की टर्नर निधन पावले असे संग्राहक मंडळी वर्षानुवर्षे समजून चालली होती. ते हयात निघाले! मग मॅसेकर व्हिडिओ या छोट्याशा कंपनीने, म्हणजे वस्तुतः एका संग्राहकाच्याच उपक्रमाने, २०१३ साली त्यांचे दोन्ही चित्रपट डीव्हीडीवर रीतसर प्रसिद्ध केले.

त्या सहाशे डॉलरांतला एक छदामही टर्नर यांच्या वाट्याला येण्याची तजवीज कायद्यात नाही; वस्तू एकदा विकली की तिच्या पुढल्या खरेदी-विक्रीत निर्मात्याचा भाग राहत नाही. डीव्हीडीची गोष्ट निराळी, कारण तिथे हक्क कोणाचा हे शोधून त्याच्याशी करार करावा लागतो. म्हणून कॅसेटींच्या चढ्या भावांचे कौतुक मला कधी वाटले नाही. २०२२ च्या जून महिन्यात ‘बॅक टू द फ्यूचर’ या जगभर पाहिल्या गेलेल्या चित्रपटाची, वेष्टनही न फोडलेली एक कॅसेट अमेरिकेत पंचाहत्तर हजार डॉलरांना गेली. जी फीत कोणी एकदाही पाहिली नाही आणि यापुढे कोणी पाहणारही नाही, कारण पाहिली की किंमत उतरली, तिच्यासाठी मोजलेल्या त्या रकमेत टल्साचे ‘ब्लड कल्ट’ दोन निघाले असते आणि वर वीसेक हजार शिल्लक राहिले असते.

विद्यापीठांचे लक्ष या मालाकडे उशिरा वळले. येल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०१५ मध्ये सुमारे २,७०० कॅसेटींचा संग्रह घेतला, त्यांत भयपटांचा आणि ज्यांना सभ्य माणसे टाकाऊ म्हणतात अशा चित्रपटांचा भरणा होता. वेष्टनावरील चित्रे, आरंभीच्या जाहिराती, दुकानांचे शिक्के, ‘रिवाइंड करून परत द्यावी’ अशा तंबीच्या चिठ्ठ्या हे सारे सामाजिक इतिहासाचे दस्तऐवज आहेत अशी त्यामागील भूमिका. ब्रिटनमध्ये तर दस्तऐवज तयार करण्याचे काम सरकारनेच केले: भयपटांच्या कॅसेटींविरुद्ध ओरड झाली, पोलिसांनी दुकानांतून जप्त्या केल्या, खटला भरण्याजोग्या चित्रपटांची यादी निघाली, तीत या ना त्या वेळी ७२ नावे चढली, आणि १९८४ साली कायदा झाला. पुढल्या पिढीच्या संग्राहकांनी ती यादीच खरेदीची फर्द म्हणून खिशात बाळगली.

मात्र संग्रह मोठा झाला म्हणजे सुरक्षित झाला, या समजुतीला न्यूयॉर्कच्या किम्स व्हिडिओची हकीकत चोख उत्तर देते. योंगमन किम या कोरियन गृहस्थांनी आपल्या कपडे धुण्याच्या दुकानाच्या एका कोपऱ्यात कॅसेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि वाढत वाढत तो संग्रह पंचावन्न हजार चित्रपटांवर गेला. त्यांत जे कुठेच नाही असे पुष्कळ होते. धंदा बसला तेव्हा किम यांनी, संग्रह अखंड राहावा आणि जुन्या सभासदांना तो पाहायला मिळावा अशा अटी घालून, तो कोणी घेता काय म्हणून विचारले. न्यूयॉर्कमधल्या संस्थांना डावलून २००९ मध्ये तो गेला कुठे, तर सिसिलीतील सालेमी या डोंगराळ गावी. मोठे संकल्प सोडले गेले, भाषणे झाली, आणि पेट्या कुलूपबंद होऊन धूळ खात पडल्या. पुढे दोन अनुबोधपटकारांनी त्यांचा माग काढला, आणि २०२२ साली तो संग्रह पुन्हा न्यूयॉर्कमध्ये एका चित्रपटगृहात येऊन पोहोचला. या प्रकरणावर त्यांनी केलेला ‘किम्स व्हिडिओ’ हा चित्रपट पाहावा. त्यातले सगळेच वर्तन कायद्याला धरून आहे असे मात्र नाही.

आणि पेटी कुलपात असो वा हातात, फितीचे आयुष्य मोजकेच असते. चुंबकीय कणांना पॉलिएस्टरशी जखडून ठेवणारे ते चिकट द्रव्य हवेतील पाणी शोषून हळूहळू विरघळत जाते. फीत चिकटू लागते, हेडवर राळ साचते, चित्र फिकटते. आपल्या कोकणात आणि मुंबईत तर त्याआधीच बुरशी आपला हक्क सांगते. पारदर्शक खिडकीतून पांढरे ठिपके दिसणारी कॅसेट यंत्रात घालू नये. ती स्वतः तर जातेच, पण हेडला बुरशी लावून पुढल्या दहा कॅसेटींचेही नुकसान करते. यंत्रांची गत फितींहून वाईट. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की, २०२५ पर्यंत जे संगणकात उतरविले जाणार नाही त्यातले बहुतेक कायमचे गमवावे लागेल, कारण फिती राहिल्या तरी त्या चालविणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात राहणार नाहीत. मुदत संपली आहे. काम संपलेले नाही.

भारतात हे यंत्र घराघरांत शिरले ते १९८२च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या आगेमागे. ज्यांना ते विकत घेणे परवडत नव्हते त्यांनी ते रात्रभरासाठी भाड्याने आणले. चाळीच्या गॅलरीत रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, वर्गणी काढून, पहाटेपर्यंत. मुंबईत नारी हिरा यांनी थिएटरला वळसा घालून थेट कॅसेटवर निघणारे हिंदी चित्रपट काढले. आनंद पटवर्धन यांच्यासारख्यांचे अनुबोधपट, ज्यांना दूरदर्शनचे दार कोर्टात गेल्याखेरीज उघडत नसे, ते कॅसेटींच्या रूपाने महाविद्यालये आणि कामगार-वस्त्यांपर्यंत गेले. नायजेरियात तर १९९२ मध्ये केनेथ एन्नेब्वे या कोऱ्या कॅसेटींच्या व्यापाऱ्याने, त्या रिकाम्या खपत नाहीत तर त्यांवर काहीतरी मुद्रित करून विकाव्यात अशा हिशेबाने, इग्बो भाषेत ‘लिव्हिंग इन बाँडेज’ काढला, आणि त्यातून एका अख्ख्या राष्ट्रीय चित्रपटव्यवसायाला चालना मिळाली.

आपल्याकडे असे घडले ते मालेगावात. यंत्रमागांच्या खडखडाटात आठवडा काढणारे आणि शुक्रवारच्या सुटीला सिनेमावर तुटून पडणारे हे गाव. तिथे शेख नासिर या तरुणाचे व्हिडिओ पार्लर होते. दोन व्हीसीआर जोडून परदेशी चित्रपटांतले वेचक तुकडे एकत्र करण्याचा हातखंडा त्यांनी तिथेच मिळविला, आणि चोरट्या कॅसेटींविरुद्ध पोलिसांचा ससेमिरा लागला तेव्हा, दुसऱ्याचे दाखवायचे नाही तर स्वतःचेच काढू, असा त्यांनी निश्चय केला. २०००च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ तयार झाला, अवघ्या पन्नासेक हजार रुपयांत. ज्या कॅमेऱ्याने लग्ने टिपायची त्याच कॅमेऱ्याने दरोडेखोर टिपले, आणि दरोडेखोरांना घोडे परवडत नाहीत म्हणून ते सायकलींवरून आले. याला कोणी निव्वळ विडंबन म्हणेल. मला ते टीकाशास्त्र वाटते: ज्या चित्रपटाचे वैभव पाहून देश दिपला त्याच्यातून पैसा वजा केला तर काय उरते, याचे मालेगावने प्रत्यक्ष गणित करून दाखविले, आणि उरले ते पुष्कळच निघाले.

पुढे नासिर यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ हाती घेतला तेव्हा फैजा अहमद खान या दिग्दर्शिका तिथे कॅमेरा घेऊन हजर होत्या, आणि त्यांच्या २००८च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या अनुबोधपटामुळे ती सारी कार्यशाळा आपल्याला पाहता येते. सरकत्या दृश्यासाठी सायकल, वरून खाली उतरत्या दृश्यासाठी बैलगाडीचे धूड. सुपरमॅन म्हणजे शफीक नावाचा, अंगाने काटकुळा, मागावर काम करणारा मजूर. त्याचा खलनायकाशी झगडा गावातल्या घाणीवरून आणि तंबाखूवरून. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो, मध्येच नायकाचे लग्न निघते, आणि चित्रीकरण त्या प्रमाणात तहकूब होते. शफीक पुढे कर्करोगाने, तरुण वयातच गेला. हिंदी चित्रपटसृष्टीने ही कथा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ या रीमा कागती यांच्या चित्रपटात मांडली, तो २०२५च्या फेब्रुवारीत थिएटरांत आला; मालेगावच्या सगळ्या चित्रपटांचा मिळून जेवढा खर्च झाला असेल त्याच्या कित्येक पटींनी एकट्या त्याचा झाला असणार, यात नवल नाही.

मालेगावचे कौतुक करणाऱ्यांना एक विचारावेसे वाटते की, त्यांच्यापैकी किती जणांनी मालेगावचा चित्रपट पैसे मोजून पाहिला. गरीब निर्मात्याला आश्रय देण्याची आपली परंपरा काही लहान नाही. दादासाहेब फाळके यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून भांडवल उभे केले आणि सरस्वतीबाईंनी रात्री जागून कच्च्या फिल्मला भोके पाडली, तेव्हा १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा मंडळींनी गावोगाव चित्रपट दाखवून, लोकांकडून रुपया-दोन रुपये जमवून, १९८६ मध्ये ‘अम्मा अरियान’ पुरा केला. टेक्सासच्या रॉबर्ट रॉड्रिगेझ याने औषधांच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीर भाड्याने देऊन पैसे मिळविले आणि सात हजार डॉलरांत ‘एल मारियाची’ काढला, तोही स्पॅनिश कॅसेटींच्या बाजारावर डोळा ठेवून. संकलन व्हिडिओवर केले, सरकत्या दृश्यासाठी मालेगावच्या सायकलीच्या जागी त्याने चाकांची खुर्ची वापरली. आज वर्गणी संगणकावरून गोळा होते, तरी व्यवहार तोच आहे: चित्रपट निघण्यापूर्वी पैसे द्यायचे, निघाल्यावर तिकीट पुन्हा काढायचे, आणि चोरट्या प्रतीला हात लावायचा नाही. अमेरिकेत तर नव्या अल्पखर्ची भयपटांच्या मोजक्या प्रती हौसेने व्हीएचएसवर काढून विकतात, आणि त्यांचे पैसे थेट करणाऱ्याच्या हाती पडतात. या उपद्व्यापाला हसणारे हसोत, पण लिलावाच्या दालनापेक्षा तिथला हिशेब मला अधिक स्वच्छ दिसतो.

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी १९८५ ते २००५ या काळात लग्नाची शूटिंग करणाऱ्या माणसाच्या दुकानात काय काय टिपले गेले असेल याची गणती कोणी केलेली नाही. त्याच कॅमेऱ्याने गणेशमंडळाचे देखावे, गावजत्रेतला वग, शाळेची नाटके, मोर्चे, आणि कुठे कुठे चार मित्रांनी मिळून रचलेला एखादा दीड तासाचा चित्रपटही टिपला. ती दुकाने आता फोटो झेरॉक्सची झाली आहेत आणि माळ्यावरच्या कॅसेटी भंगारात निघत आहेत. त्या मिळविणाऱ्याने मालकाचे नाव, साल आणि प्रसंग लगोलग वेष्टनावर लिहून ठेवावेत, कारण भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षे चालतो आणि पुढेमागे कोणाची संमती घ्यायची झाली तर त्या चिठ्ठीखेरीज दुसरा पुरावा असणार नाही. कॅसेट उभी ठेवावी, आडवी नव्हे. स्पीकरपासून आणि ओल्या भिंतीपासून दूर ठेवावी. आणि चालू यंत्र हाती आहे तोवर तिची संगणकीय प्रत करून घेऊन एक प्रत ज्याने ती टिपली त्याच्या किंवा त्याच्या वारसांच्या हवाली करावी. मात्र या सगळ्याच्या आधी, कॅसेट हाती पडताक्षणीच, तिच्या कडेला असलेला प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा मोडून टाकावा. तो शाबूत राहिला आणि भलते बटण दाबले गेले, तर वीस वर्षांपूर्वीच्या दरोडेखोरांवर आजची मालिका मुद्रित व्हायला क्षणाचाही विलंब लागत नाही.